शिटीवरचं कुरकुरं

काकूंच्या घरात घड्याळ नव्हतं. भिंतीवर नव्हतं, फडताळात नव्हतं, आणि दुसऱ्याच्या मनगटावर असलेलंही त्यांना फारसं खपत नसे. मी भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा माझ्या हातात नवंकोरं घड्याळ होतं. पालघरच्या शाळेत नोकरी लागली म्हणून वडिलांनी मोठ्या हौसेनं घेऊन दिलेलं. काकूंनी भाडं सांगायच्या आधी त्या घड्याळाकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "हे शाळेत घाला. इथे लागायचं नाही."

आणि खरंच लागलं नाही. स्टेशनाच्या मागच्या अंगाला, रुळांना जवळजवळ खेटून त्यांचं कौलारू घर होतं. गाडी दिसायच्या आधी फळीवरची पातेली खुळखुळायला लागत. काकूंचा सगळा संसार त्या गाड्यांवर चाले. दूधगाडी गेली की शेगडी पेटायची. मुंबईकडची पॅसेंजर सुटली की भात चढायचा आणि गुजरातची मेल न थांबता धडधडत गेली की उतरायचा. वरण मालगाडीवर असे. आता मालगाडीला कसला आलाय नेम! त्यामुळे काकूंचं वरण एक दिवस निव्वळ पाणी तर दुसऱ्या दिवशी चमचा उभा राहील असं. मी कधी तोंड वाकडं केलं तर शांतपणे म्हणायच्या, "आज मालगाडी लवकर सोडली मेल्यांनी." जणू काही रेल्वेच्या वरच्या साहेबानं येऊन आमच्या वरणाची माफी मागायला हवी होती.

काका रेल्वेत गार्ड होते. मी राहायला गेले त्याच्या बऱ्याच आधी ते वारले होते. गार्डाचं घड्याळ रेल्वेचं असतं, ते रेल्वेनं परत नेलं. काकू हे फार साध्या आवाजात सांगत. "घड्याळ सरकारचं होतं, सरकारनं नेलं. गाड्या माझ्या राहिल्या."

काकांचे बावटेही परत गेले असणार, पण काकूंनी जुन्या खणांचे दोन तुकडे शिवून आपले आपण बावटे केले होते. एक लाल, एक हिरवा. स्वयंपाकघराच्या दाराला खिळा होता. हिरवा लटकत असेल तर आत जावं, बोलावं, चहा मागावा. लाल असेल तर उंबऱ्याच्या अलीकडेच थांबावं, मग घराला आग का लागेना. नवीन होते तेव्हा मी एकदा पाणी प्यायला म्हणून लाल बावट्याखालून आत शिरले, तर काकूंनी हातातलं उलथनं आडवं धरून मला मागे मागे बाहेर काढलं. त्यांचे अनारसे चालले होते. शाळेत चाळीस-चाळीस पोरांना धाकात ठेवणारी मी, दाराशी तहानलेली उभी राहिले.

आणखी एक नेम होता, आणि तो माझ्या फार जिवावर यायचा. संध्याकाळची डहाणूकडून येणारी शटल आल्याशिवाय त्या घासही तोंडात घालत नसत, आणि मलाही घालू देत नसत. शटल वेळेवर आली तर ठीक. पण ती कुठल्यातरी सिग्नलला अडकली की आम्ही दोघी बाया, एक मास्तरीण आणि एक घरमालकीण, वाढलेल्या ताटांकडे बघत बसायचो. मी एकदा कुरकुरले की गाडीचा आणि आपल्या भुकेचा काय संबंध. काकू फक्त म्हणाल्या, "आहे."

मी काही फार देखणी नव्हते, आणि तेव्हाच्या मानानं वयही वाढत चाललं होतं. दोन ठिकाणांहून नकार आले होते. दुसऱ्या नकाराचं कळलं तेव्हा मी खोलीचं दार लावून बसले. काकू दाराबाहेर आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि बाहेरूनच म्हणाल्या, "मास्तरीण, लेट आहे. रद्द नाही." मग गेल्या. त्या वेळी मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. पुढे पुढे मात्र मी स्वतःच स्वतःला तेच सांगायला लागले.

आता कुरकुऱ्याकडे येते. त्याच्यासाठी तर एवढं पुराण.

गोऱ्या साहेबांच्या काळातली गोष्ट. एका मोठ्या साहेबाचा डबा दोन दिवस पालघरच्या सायडिंगला लावून ठेवला होता. साहेबाबरोबर त्याचा खानसामा. त्याचं दही लागलं नाही म्हणून तो वाटी घेऊन विरजण मागायला काकूंच्या दारात आला. काकू तेव्हा नुकत्या लग्न होऊन आलेल्या. त्यांनी विरजण दिलं आणि बदल्यात विचारलं की तुमच्या डब्यातून एवढा गोड वास कशाचा येतोय. खानसाम्यानं शिकवून टाकलं. खाली सफरचंदाच्या फोडी, वर कसल्याशा विलायती धान्याचा लोण्यात चोळलेला भुगा, आणि भट्टीत खरपूस भाजायचं. काकूंकडे सफरचंद नव्हतं, ते धान्य नव्हतं, लोणी होतं पण भट्टी नव्हती. म्हणून काय झालं? आमच्या बाईंनी खाली पेरू आणि राजेळी केळी घातली, वर पातळ पोहे घातले, आणि पदार्थाचं नाव ठेवून दिलं कुरकुरं.

करायची रीत अशी. पेरू किंचित कच्चट हवा, बिया काढून. केळं पिकलेलं, पण लिबलिबीत नको. त्यावर लिंबू पिळायचं, जायफळ घालायचं, मुठीनं साखर. साखर रेशनवर असायची, मग गूळ. पातळ पोहे तुपावर परतून हातानंच चुरायचे, त्यात जाडसर कणीक, गूळ आणि आणखी तूप घालून बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळहात लागला की काकू हातावर चापट मारत. मग हे सगळं एका पसरट डब्यात रचायचं. मोठ्या पितळी पातेल्यात तळाला वाळू, वाळूवर डबा, पातेल्यावर लोखंडी तवा झाकण म्हणून, आणि तव्यावर निखारे. खाली शेगडी, वर निखारे. निघतं तेव्हा वरचा थर दाताखाली वाजतो, खालची फळं रसात मऊ झालेली असतात आणि अगदी तळाशी पेरूचा रस आटून चिकटलेली असते ती खरवड. अहो, त्या खरवडीसाठी मी एकदा वर्ग लवकर सोडून घरी आले आहे.

वाळूचं एक वेगळंच नाटक होतं. सातपाटीहून एक कोळीण रोज मासे घेऊन यायची, धिप्पाड, नाकात ठसठशीत नथ, आणि तोंड असं की अर्धी गल्ली तिला वचकून. काकूंना एकदा नवी वाळू हवी होती, तर ती बिचारी टोपलीतून घेऊन आली. काकूंनी चिमूटभर वाळू नाकाशी नेली आणि परत केली. म्हणाल्या, बोंबलाचा वास येतो. वाळू हवी ती एडवणची. कोळणीनं टोपली आपटली. "समिंदर योकच हाय गो बाय," ती म्हणाली. "एडवणला काय गुलाबपानी भरलंय?" काकू ढिम्म. शेवटी आमच्या शाळेतले एडवणचे एक शिक्षक रविवारी घरी जाऊन येताना पिशवीभर वाळू घेऊन आले. ती काकूंनी सात पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली आणि हुंगून पसंत केली. कोळीण महिनाभर आम्हाला पापलेटं दाखवायची आणि पुढे न्यायची.

काकूंनी मला स्वयंपाक शिकवायचा विडा उचलला होता. मी त्यांना पुरून उरले. माझ्या पोळ्यांना कोपरे यायचे आणि पोह्यांचं तर विचारूच नका. कधी त्यांचा गोळा व्हायचा, कधी घशात अडकतील असे कोरडे. काकूंनी किती प्रकारे सांगून बघितलं, भिजवायचे कसे, निथळायचे कसे. शेवटी त्यांनी हात जोडले. पण कुरकुरं मात्र मला पहिल्याच फटक्यात जमलं. का ते देवाला ठाऊक. काकू म्हणायच्या, एखाद्याला एकच स्टेशन लागतं, लागतं हेच पुष्कळ.

त्या वर्षांत तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात चाललं होतं. बोईसर स्टेशनावर कुठली कुठली माणसं उतरायला लागली होती, प्लॅटफॉर्मवर हिंदी ऐकू यायची, मधूनच एखादा गोरा इंजिनियर दिसायचा. तिथल्या कामावरचे एक ड्राफ्ट्समन नकाशांच्या नकला घ्यायला आठवड्यातून एकदा पालघरच्या कचेरीत येत आणि परतीच्या गाडीसाठी प्लॅटफॉर्मवर थांबत. मी पुस्तकांच्या स्टॉलवर मासिकं चाळायला जायची. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, किती वाजले. घड्याळ घरी, काकूंच्या धाकानं. मी बोलून गेले की मुंबईची पॅसेंजर आत्ताच सुटली, म्हणजे तुमच्या गाडीला अजून भात शिजण्याइतका वेळ आहे. ते इतके हसले की स्टॉलवाल्यानं मान वर केली. पुढच्या आठवड्यात ते आले आणि गंभीर चेहरा करून विचारते झाले, वरण झालं का. मी काय सांगू तुम्हाला, त्या दिवसापासून माझं सगळं चित्त त्या एका माणसाच्या ठायी होतं.

त्यांनी रीतसर मागणी घातली. पण म्हणजे काय, तर त्यांच्या आईनं मला बघायचं. आई नुकत्याच गावाकडून येऊन मुलाकडे बोईसरला राहिल्या होत्या. आणि त्यांची ख्याती आमच्यापर्यंत आधीच पोचली होती. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या नात्यातली मुलगी त्यांनी पोह्यांवरून नाकारली होती. दुसरी एक, पोह्यांत शेंगदाणे कच्चे राहिले म्हणून. जिला पोहे नीट करता येत नाहीत ती संसार काय करणार, असा त्यांचा सरळ हिशोब. मी हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच पोह्यांचा गोळा उभा राहिला.

माझे वडील, आमचे अण्णा, कऱ्हाडहून आदल्या दिवशी येऊन दाखल झाले. गरीब माणूस. काकूंपुढे ते टोपी काढून बोलायचे. त्यांनी अगदी अजिजीनं सुचवलं की पोहे काकूंनीच करावेत आणि मुलीनं केले म्हणून सांगावं. सगळीकडे असंच चालतं. काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की अण्णांनी टोपी परत घातली. काकूंच्या मते गाडी लेट असेल तर लेट म्हणून फळ्यावर लिहावं, वेळेवर आहे असं लिहू नये. मुलीला पोहे येत नाहीत ना? मग पोहे होणार नाहीत. तिला जे येतं ते होईल. कुरकुरं.

अण्णा खचले. मीही खचले. बघायच्या कार्यक्रमाला पोहे नाहीत म्हणजे गणपतीला मोदक नाहीत, तशातली गत. मी काकूंच्या हातापाया पडले, पण त्या बधल्या नाहीत. वर त्यांनी वेळापत्रकही ठरवून टाकलं. पाहुणे शटलनं येणार. दुपारची मालगाडी गेली की पातेलं चढवायचं, शटलची शिटी झाली की उतरवायचं. पाहुणे स्टेशनावरून चालत येईपर्यंत बशा भरायच्या, म्हणजे गरम गरम हातात पडेल. शिटीच्या आधी झाकणाला कुणी हात लावायचा नाही. मला तीनतीनदा बजावलं.

त्या दिवशी सगळं मी केलं. पेरू मी चिरले, पोहे मी चुरले, मी चोळलं, मी रचलं. काकू पाटावर बसून फक्त बघत होत्या. मालगाडी गेली, पातेलं चढलं, तव्यावर निखारे पडले. मग काकूंनी मला साडी बदलायला पाठवलं आणि दाराला लाल बावटा लावला. कोळीण माशांची टोपली रिकामी करून आमच्या पायरीवर ठाण मांडून बसली होती. नवरा बघितल्याशिवाय ती सातपाटीला जाणार नव्हती.

शटल आली नाही. यायची वेळ झाली, टळली, अण्णा दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. मी हिरव्या साडीत खुर्चीवर बसले होते. आणि मग मला वास आला. आधी नुसता गुळाचा, खमंग. मग थोडा जास्त खमंग. मग त्याला कडवट कड आली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. काकू शेगडीजवळ बसल्या होत्या, मान जराशी तिरकी, कान रुळांकडे. मी म्हटलं, काकू, लागतंय. त्यांनी मान हलवली. शिटी झालेली नाही. मी म्हटलं, काकू, जळेल. त्या म्हणाल्या, गाडी येऊ दे.

मला वाटलं, संपलं. पोहे तर नाहीतच, आता कुरकुरंही कोळसा होणार, आणि बोईसरची गाडी येईल तेव्हा माझ्या लग्नाचं सरण तेवढं शेगडीवर असेल. कशी हिंमत झाली ठाऊक नाही. मी लाल बावटा बाजूला सारला, आत शिरले, चिमटा उचलला आणि तव्यावरचे निखारे भराभर खाली ओढले. मग पातेलंही शेगडीवरून उतरवलं. काकू उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी उलथनं आडवं धरलं असतं तर बरं, असं मला वाटलं.

त्यानंतर बऱ्याच वेळानं शिटी झाली. उमरोळीला म्हशींचा तांडा रुळांवर बसला होता म्हणे. पाहुणे आले तेव्हा वाळूच्या उबेनं पातेलं अजून छान गरम होतं. मी झाकण काढलं. एका बाजूला वरचा थर काळपट झाला होता, बाकी सगळं सोनेरी.

ड्राफ्ट्समन खुर्चीच्या कडेवर बसले होते, माझ्याकडे बघत नव्हते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. त्यांच्या आई ठेंगण्या, नऊवारीतल्या, ताठ बसणाऱ्या. त्यांनी बशी हातात घेतली, चमच्याला हात न लावता तिच्यात बघितलं आणि विचारलं, "पोहे नाही केलेत?"

अण्णांनी डोळे मिटले.

"केलेत की," काकू म्हणाल्या. "वर आहेत. खाली पेरू आणि केळी. कांदा तेवढा नाही."

आईंनी अंड्याचं विचारलं. तिकडे गोऱ्यांच्या बंगल्यात असल्या पदार्थांत अंडं असतं, असं त्यांनी ऐकलं होतं. काकूंनी सांगितलं, अंडं नाही, तूप आहे. मग आईंनी चमचा लावला. खोलीत एवढी शांतता होती की पोहे दाताखाली वाजले ते सगळ्यांना ऐकू आलं. त्या हळूहळू खात राहिल्या. चेहऱ्यावरची रेघ हलेना. अर्धी बशी झाल्यावर त्यांनी विचारलं की कुणी केलंय.

अण्णा तत्परतेनं म्हणाले, मुलीनंच, सगळं मुलीनं. आणि या खेपेला ते खरं होतं. तेवढ्यावर थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. काकूंना फळ्यावर लेट लिहायचं होतं.

"केलं हिनंच," त्या म्हणाल्या. "पण माझ्या हुकमानं चाललं असतं तर आज तुम्हाला कोळसा वाढला असता. गाडी आल्याशिवाय उतरवायचं नाही, असं मी बजावलं होतं. दाराला लाल बावटा होता. तो सारून आत शिरली आणि निखारे काढले."

आईंनी बशी खाली ठेवली. "म्हणजे मोठ्या माणसाचं ऐकत नाही म्हणा."

इतकी चांगली चाललेली गाडी काकूंनी स्वतःच्या हातानं घसरवली होती. मला त्यांचा असा संताप आला, आणि त्याच वेळी रडूही आलं, कारण समोर तो माणूस बसला होता आणि तो मला हवा होता. काकू मात्र शांत होत्या. म्हणाल्या, एरवी ऐकते, आज नाही ऐकलं.

आई माझ्याकडे वळल्या. "का गं नाही ऐकलंस?"

वय, शिक्षण, गाणं येतं का, सगळ्यांची उत्तरं मी पाठ केली होती. याचं नव्हतं केलं. "जळायला लागलं होतं," मी म्हटलं. "वास आला."

"माझ्या घरी असं झालं तर?"

आता होऊन जाऊ दे, म्हटलं. "तिथेही काढीन. मग तुम्ही रागवा. पण जळू द्यायची नाही."

बाहेर कोळणीची बांगडीसुद्धा वाजली नाही. आईंनी बशी पुन्हा उचलली, राहिलेलं सगळं संपवलं, काळपट झालेलं टोकही. मग जरा पुढे वाकून त्यांनी त्या पसरट डब्यात डोकावून बघितलं.

"खरवड कुणी घेणार आहे का?" त्यांनी विचारलं.

परक्याच्या घरी कुणी खरवड मागत नाही. ती आपल्या घरातच, आपल्या माणसांत, उलथन्यानं खरवडून घ्यायची असते. मला हे कळायला एक क्षण लागला. कोळणीला तेवढाही लागला नाही. पायरीवरून तिचा आवाज आला. "खरवड मागतंय गो! झाला लगीन, आमी जातंव." आणि टोपली उचलून ती खरोखरच गेली.

पाहुणे गेले, अण्णा आनंदानं सैरभैर होऊन तार करायला स्टेशनावर पळाले. मी भांडी घासायला बसले. काकू पाटावर बसून वाळू चाळत होत्या आणि माझ्याशी बोलत नव्हत्या. मी विचारलं, रागावलात का.

त्यांनी चाळणीतले खडे बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "त्यांना सगळं गरम लागायचं."

मला आधी कळलंच नाही कुणाबद्दल बोलतायत. काकांची गाडी म्हणजे तीच संध्याकाळची शटल. शिटी झाली की काकू पातेलं उतरवायच्या आणि काका टोपी काढत दारात यायचे. कुरकुरं त्यांना जीव की प्राण. एके दिवशी शिटी झाली, काकूंनी पातेलं उतरवलं, ताट वाढलं, आणि गार्डाच्या डब्यातून दुसराच माणूस उतरून टोपी हातात घेऊन दारात आला. काका वाटेत, वलसाडच्या पलीकडे, छातीत दुखून गेले होते.

"तेव्हापासून शिटीच्या आधी मी काही उतरवलं नाही," काकू म्हणाल्या. "उतरवलं तर त्यांची वाट बघायची सोडली, असं वाटायचं. आज तू पातेलं खाली ठेवलंस तेव्हा मला फार राग आला तुझा."

माझे हात राखेनं भरलेले होते, नाहीतर त्यांना मिठी मारली असती. काकूंनी चाळणी आपटली, वाळू डब्यात भरली, आणि मला म्हणाल्या की कुरकुऱ्याचा डबा नीट घास, कडेला काळं राहिलंय.

लग्न झालं. मी बोईसरला गेले. सासूबाईंनी मला पोहे शिकवायचा प्रयत्न केला आणि वर्षभरानं काकूंसारखेच हात जोडले. आमच्याकडे पोहे त्याच करायच्या आणि कुरकुरं मी.

पुढच्या संक्रांतीला आम्ही दोघं काकूंकडे तिळगूळ घेऊन निघालो. आम्ही शटलनं येतोय, हे कळवलं होतं. आणि शटल उमरोळीच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. खिडकीतून बघावं तर म्हशी नाहीत, काही नाही, नुसता लाल सिग्नल. आमचे हे म्हणाले, आज तुझ्या काकूंनी कोळसा वाढून ठेवला असणार. मी हसले, पण मला वाईट वाटत होतं. पातेल्याजवळ मान तिरकी करून बसलेल्या काकू डोळ्यांसमोरून हलेनात.

शेवटी एकदाची गाडी हलली, सिग्नलला शिटी झाली, पालघर आलं. आम्ही धावतच घरी पोचलो. स्वयंपाकघराच्या दाराला हिरवा बावटा होता. शेगडी विझलेली होती, निखाऱ्यांवर राख बसली होती, आणि पातेलं पाटाशेजारी खाली उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवलेलं होतं. नुकतंच उतरवलेलं नव्हतं ते. शिटी होऊन असा किती वेळ झाला होता? मी पातेल्याकडे बघितलं, मग काकूंकडे.

"बघतेस काय?" त्या म्हणाल्या. "गाडी लेट होती. वास आला, उतरवलं."

मी गोधडी बाजूला केली, झाकण काढलं. वरचा थर एकसारखा सोनेरी, कुठे डाग नाही. फक्त एका कोपऱ्यातून कुरकुरं काढून घेतलेलं होतं, पार तळापर्यंत, डब्याचं बूड दिसत होतं. काकूंनी दोन बशा माझ्यापुढे सरकवल्या. स्वतःसाठी घेतली नाही.

"पटकन वाढून घे, पोहे मऊ पडतील," त्या म्हणाल्या. "आणि त्या कोपऱ्यातली खरवड मागू नका. मला भूक लागली होती, मी खाल्ली."